शब्दचर्चा : ‘कांपुंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मलेशियाचे व्यंगचित्रकार मोहम्मद नूर खालिद, म्हणजेच ‘लात’, यांनी पेराक राज्यातील आपल्या बालपणावर ‘द कांपुंग बॉय’ हे चित्रपुस्तक १९७९ साली काढले. त्याचा परिचय मराठीत लिहिताना मी शीर्षकापाशीच अडलो आहे. ‘खेड्यातला मुलगा’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : अर्थाने चालेल, पण ‘खेडे’ हा बहुधा बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द आहे, जो तिथला असतो तो ‘आमचे गाव’ असेच म्हणतो. ईदला शहरातले मलाय नोकरदार घरी जातात, त्याला ‘बालिक कांपुंग’ म्हणतात. ‘बालिक’ म्हणजे परतणे, आणि गणपतीत चाकरमानी ‘गावाला’ जातो त्यातला ‘गाव’ नेमका हाच आहे. इंडोनेशियात मात्र ‘कांपुंगान’ म्हणजे गावंढळ, म्हणजे हेटाळणीही या शब्दाला चुकलेली नाही.

माझा कौल ‘वाडी’ला आहे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘कंपाउंड’ बहुधा या ‘कांपुंग’पासूनच निघाला, असे व्युत्पत्तिकार मानतात; कांपुंग म्हणजे एकत्र वसलेल्या घरांचा समूह किंवा आवार. ‘वाडी’च्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘वाट’ या शब्दाचा अर्थही कुंपण घातलेली जागा असाच आहे. शिवाय लात यांच्या चित्रांतली खांबांवर उभी लाकडी घरे, झाडी, नदी आणि वस्तीच्या कडेला कथिल उपसणारे अजस्र यंत्र पाहताना, ते यंत्र वगळले तर, कोकणातली वाडीच डोळ्यांसमोर येते.

प्रश्नकर्ता : परंतु मुंबईकर वाचकाला ‘वाडी’ म्हटल्यावर गिरगाव आठवेल, त्याचे काय?

उत्तर : आठवू द्या. क्वालालंपूरच्या ऐन मध्यात १९०० पासून ‘कांपुंग बारू’, म्हणजे ‘नवी वाडी’, उभी आहे. तेव्हा हा शब्दही शहराला परका नाही. तरीही शीर्षकात मूळ शब्दच ठेवून ‘कांपुंगातला पोरगा’ लिहावे आणि पहिल्या परिच्छेदात ‘वाडी’ने त्याची ओळख करून द्यावी, असे मी सुचवीन. त्याच परिच्छेदात ‘लात’ हे टोपणनाव ‘बुलात’, म्हणजे गोल, गुबगुबीत, या घरगुती नावाचे लघुरूप आहे हेही सांगून टाकावे, नाहीतर मराठी वाचक भलताच अर्थ घेईल.