आरासचा घंटामनोरा : नक्कल म्हणावी का?

उत्तर फ्रान्समधल्या आरास शहराच्या नगरभवनाचा घंटामनोरा पहिल्या महायुद्धानंतर नव्याने बांधलेला, म्हणून 'नकली' ठरवून पाहण्याजोग्या जुन्या वास्तूंच्या यादीतून काढावा, असं एकाचं म्हणणं आहे. मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण मला तो अर्धाच वाटतो.

मूळ मनोरा १४६३ ते १५५४ असा जवळजवळ नव्वद वर्षं बांधला जात होता. उंची ७५ मीटर. उत्तर फ्रान्समध्ये असा घंटामनोरा म्हणजे शहराचा रुबाब. चर्चची घंटा वेगळी, आणि नगराची स्वतःची वेगळी! घंटा टांगण्याचा हक्क ही सरंजामदाराकडून मिळवलेली सनदच होती म्हणा ना. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी तो पाडला. चौकात उरला दगडांचा ढीग.

युद्धानंतर वास्तुविशारद प्येर पाके यांनी बाहेरून जुनंच रूप उभं केलं. आत मात्र सिमेंट काँक्रीटचा सांगाडा. खालून मान वर करून पाहिलं तर गॉथिक नक्षी, टोकावर ध्वज धरलेला सिंह. हे सगळं विसाव्या शतकातलं आहे याची शंकाही येत नाही. त्यामुळे तिथे सरळ पाटी लावावी, असं माझं मत. लपवाछपवी कशाला?

पण २००५ साली युनेस्कोने फ्रान्समधले २३ घंटामनोरे बेल्जियममधल्या घंटामनोऱ्यांच्या जागतिक वारसा नोंदीला जोडले, त्यात हाही आहे. आणि नगरभवनाखालची खडूच्या दगडात खोदलेली जुनी भुयारं, 'बोव्ह', ती तर अस्सल मध्ययुगीनच. आरासला गेलात तर आधी तिथे उतरा, मनोरा नंतर.