छोट्या कारखान्यात नवं काही कशामुळे घडतं? अनुभव सांगा

पंचवीस-पन्नास माणसांच्या युनिटमध्ये आर अँड डी विभाग नसतो. तरी तिथे नवी प्रोसेस येते, नवं प्रॉडक्ट निघतं. ते कशामुळे? योजनांच्या याद्या नकोत, शॉपफ्लोअरवर काय झालं ते लिहा. शेजारच्याने आधीच केलेलं असलं तरी चालेल. तुमच्या युनिटला नवं होतं ना, मग नवकल्पना कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या, विकसित देशांच्या ओईसीडी संघटनेच्या ओस्लो मॅन्युअललाही तेवढं पुरतं.

मशिनिंगवाला
रिजेक्शन! अख्खा लॉट परत आला की मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांचं डोकं चालायला लागतं. आमचं एक ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखंच दिसायचं. फिक्श्चरमध्ये, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यात, उलटं बसलं की भोक भलत्या बाजूला. तपासणीला माणूस वाढवला, उपयोग शून्य. शेवटी रिवर्कला वैतागलेल्या ऑपरेटरनेच फिक्श्चरवर एक पिन बसवून घेतली. आता जॉब उलटा बसतच नाही. ग्राहकाचा ऑडिटर त्या पिनचा फोटो काढून घेऊन गेला.

बॅगा बनवणारी
वरच्या पोस्टमधल्या पिनवाल्या ऑपरेटरला पगार महिन्याचा असणार. पीसरेटवरचा, म्हणजे नगामागे पैसे मिळणारा माणूस असं काही सुचवत नाही, उलट नवं आलेलं हाणून पाडतो. आमच्याकडे कापड वाचवणारा कटिंग लेआउट आणला तर कारागीर म्हणाले, 'ताई, यात हात अडकतो.' खरंच अडकत होता. सुरुवातीला वेग कमी, म्हणजे त्यांची कमाई कमी. वाचलेलं कापड मात्र माझं! सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांत 2012 मध्ये संशोधकांनी रेक्झिन वाचवणारी कटिंग डाय फुकट वाटली होती. वर्ष उलटलं तरी फार थोड्यांनी ती वापरली. मग काही कारखान्यांत कारागिरांना डाय चालवून दाखवल्यास साधारण महिन्याच्या कमाईएवढं बक्षीस ठेवलं, तेव्हा तिथे वापर वाढला. मी ते वाचून नवा लेआउट शिकेपर्यंत रोजची मजुरी बांधून दिली. कुरकूर थांबली.

मेंटेनन्समधला
टंचाई. आयात मशीनचं कंट्रोल कार्ड गेलं, कंपनी म्हणाली थांबा. आम्ही साधा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) बसवून मशीन चालू केलं.

मशिनिंगवाला
@मेंटेनन्स, ड्रॉइंग आहे का त्याचं? लॅडरचा, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅमचा बॅकअप? नसेल तर तुम्ही नोकरी सोडलीत की ते मशीन भंगारात. जुगाडाचं कौतुक मला जरा जास्तच झालेलं वाटतं.

मेंटेनन्समधला
बॅकअप आहे. ड्रॉइंग... करतो.

विणकाम युनिट
आमच्याकडे नवं आलं ते फक्त रजिस्टर. कुठला लूम कधी, कशाने बंद पडला एवढंच लिहायचं. मुंबईजवळच्या कापड गिरण्यांवर 2013 चा एक अभ्यास आहे. सल्लागारांनी अशाच साध्या सवयी लावल्या आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्के वाढली. आमच्या नोंदींतून निघालं की बरेचसे लूम बिघाडाने बंद नव्हतेच, सूत वेळेवर येत नव्हतं. नवीन मशीनचं कोटेशन तसंच पडून आहे.

प्लास्टिक मोल्डिंगवाला
कल्पना भरपूर असतात हो, ट्रायलचा पैसा कोणाचा ते बोला. बिलं तीन-तीन महिने अडकलेली, त्यात प्लास्टिकच्या नव्या ग्रेडचे पहिले शॉट (मोल्डमधून निघालेले नग) सगळे स्क्रॅप. बँक मशीनवर कर्ज देते, स्क्रॅपवर नाही. पातळ भिंतीचा डबा करायचं आमच्या डोक्यात कधीचं होतं. ग्राहकाने मोल्डचा अर्धा खर्च उचलला आणि ट्रायलचं मटेरियल स्वतः पाठवलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं. बदल्यात वर्षभर तो डबा दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, अशी अट होती. आम्ही मान्य केली.