११ बाय १६ चा हॉल: देखणा हवा आणि पाय पसरून बसताही यायला हवं. सल्ला द्या

शेवंती
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीत दुसऱ्या मजल्यावर २ बीएचके घेतलाय. हॉल ११ बाय १६ फूट. ११ फुटाच्या भिंतीत पश्चिमेला ६ फुटी सरकती खिडकी, पाऊस थेट तिथूनच आत येतो. घरात आम्ही दोघं, दोन पोरं (९ आणि ४ वर्षं) आणि सासूबाई. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. रविवारी जाऊबाई, नणंदा, त्यांची पोरं धरून दहा-बारा माणसं सहज होतात. सध्या प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि सासऱ्यांची जुनी सागवानी आरामखुर्ची एवढंच सामान आहे.

बजेट दीड लाख. त्यात पडदे, दिवे, टीव्हीचं सगळं आलं. यावर एक रुपया जास्त नाही, कर्जाचे हप्ते चालू आहेत. एल शेपचा सोफा घ्यावा की ३+१+१ (तिघांचा एक सोफा आणि एकेकट्याच्या दोन खुर्च्या)? हॉल बघणाऱ्याला आवडावा, पण आलेल्या माणसाला "इथं बसलं तर चालेल ना?" असं विचारायची वेळ येऊ नये.

उचगावकर
वहिनी, एल शेपच घ्या, डोळे झाकून. आम्ही गेल्या दिवाळीत घेतला, १ लाख ८५ हजार, वर फॉल्स सीलिंग आणि प्रोफाइल लाइट धरून तीन लाखांच्या आत सगळा हॉल झाला. पाहुणे दारातूनच "लई भारी" म्हणतात. फॉल्स सीलिंगशिवाय हॉलला शोभा नाही, हे माझं ठाम मत.

शेवंती
दादा, दीड लाख म्हटलंय मी.

उचगावकर
हप्त्यावर मिळतं की. एकदाच होतंय काम.

तिसरी_गल्ली
११ फूट रुंदीत एल शेप म्हणजे हॉल संपला. माझ्या राजारामपुरीच्या घरात हेच केलं आणि पस्तावले. एलची आखूड बाजू गॅलरीच्या दाराला आडवी आली. बरं, कोपऱ्यात कुणी बसत नाही, तिथं फक्त इस्त्रीचे कपडे बसतात. ३+१+१ घ्या, खुर्च्या हलवता तरी येतात.

पाऊसपाणी
कापडाचं आधी बघा. आम्ही क्रीम रंगाचा सोफा घेतला आणि पहिल्याच रविवारी भावाच्या हातून तांबड्या रश्श्याची वाटी कलंडली. हळदीचा पिवळा डाग उन्हात ठेवला की फिकट होतो, पण तेलाचा तवंग आणि चटणीचा लाल रंग गेला नाही तो नाहीच. पोरं आहेत घरात, तर चेनवाली, काढून धुता येणारी कव्हरं आणि गडद रंग. बाकी सगळं नंतर.

गगनबावडेकर
पांढऱ्या रश्श्याचा डाग पडत नाही. आमच्यात सोफ्यावर बसून पांढराच पितात.

पाऊसपाणी
काका, पांढऱ्यात तूप असतं. वास राहतो.

आईसाहेब_६२
मुळात हॉल-हॉल काय लावलंय? आमच्या कागलच्या घरी बाहेरच्या खोलीला सोपाच म्हणतात. सोप्यात जाजम, भिंतीला लोड-तक्के. पन्नास माणसं बसायची. सोप्यात सोफा आला आणि माणसं मावेनाशी झाली. शेवंती, भारतीय बैठक कर बाळा. स्वस्त आणि देखणी.

तिसरी_गल्ली
आईसाहेब, तिच्या सासूबाईंचे गुडघे दुखतायत. जमिनीवर बसवून उठवणार कोण?

आईसाहेब_६२
माझेही दुखतात. सवय मोडली की जास्त दुखतात.

रंधा
सुतारकाम करतो, वीस वर्षं झाली. चार गोष्टी सांगतो, घ्या नाहीतर सोडा.

गुडघेदुखीच्या माणसाला बसायची उंची जमिनीपासून १८ ते १९ इंच लागते, आणि उठताना रेटा द्यायला हाताला टणक आधार. शोरूममधले मऊ सोफे दिसायला १७ इंच, बसल्यावर १३ होतात. मग आजी रुतून बसतात. म्हणून फोम विचारून घ्या: बैठकीला ४० डेन्सिटी, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा, पाठीला ३२ चालतो. नुसतं "हाय डेन्सिटी" म्हणणाऱ्याला कव्हरची चेन उघडायला सांगा. वर इंचभर चांगला आणि खाली भुसा भरल्यासारखा तुकड्यांचा फोम मी स्वतः उघडून बघितलाय.

पश्चिमेची भिंत आणि थेट पाऊस आहे, तर त्या भिंतीला काहीही चिकटवून ठेवू नका. २-३ इंच हवा खेळू दे. नाहीतर ऑगस्टमध्ये मागं बुरशीची काळी नक्षी तयार. प्लाय घेणार असाल तर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला बघून घ्या, तो पाण्याला टिकतो. आयएस ३०३ मध्ये साधाही येतो, तो ओल्या भिंतीपाशी नको. पार्टिकल बोर्ड तर घरातच आणू नका.

पंचगंगातीर
रंधांच्या शेवटच्या ओळीला हजार अनुमोदन. आमचं घर तळमजल्याला. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे. चार दिवसांनी दार उघडलं तर टीव्ही युनिट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हाताला लागत होतं. आजोबांचा सागवानी दिवाण मात्र धुतला, सावलीत वाळवला, आजही वापरतोय. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा तोच दिवाण विटांवर चढवून त्यावर सगळं घर रचलं होतं. घेणार असाल तर सागच घ्या.

उचगावकर
त्या दुसऱ्या मजल्यावर आहेत ओ.

पंचगंगातीर
माहीत आहे. पण छपरातून, खिडकीतून पाणी येतंच ना? त्यांनी स्वतः लिहिलंय.

रविवारची_मिसळ
दिव्यांवर कुणीच बोलेना. आमचा हॉल आधी दवाखान्यासारखा दिसायचा, मधोमध ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब. ती ठेवली, पोरांच्या अभ्यासाला लागते, पण संध्याकाळसाठी ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन भिंतीवरचे दिवे आणि कोपऱ्यात एक उभा दिवा लावला. तीच भिंत, तोच सोफा, आणि खोली एकदम वेगळी. एकूण साडेसहा हजार. फॉल्स सीलिंगचे पैसे वाचवा. साडेनऊ फुटांच्या छतातले अर्धा फूट खाऊन ते काय देतं, मला कधी कळलं नाही.

उचगावकर
साडेनऊ फुटाला काही होत नाही. आमच्या घरी येऊन बघा.

माळ्यावरची_पेटी
पडद्यांचं सांगते. इचलकरंजीहून सुती कापड मीटरवर आणा आणि शिवून घ्या. खिडकी ६ फूट, तर चुण्यांसाठी कापड दुप्पट, म्हणजे १२ फूट. पन्हा (कापडाची रुंदी) ४८ इंची असला तर तीन पाट. साडेआठ फूट उंचीने साधारण ८ मीटर लागतं. दांडी चौकटीच्या वर ५-६ इंच आणि दोन्ही बाजूंना थोडी बाहेर घ्या, खिडकी मोठी दिसते. पडदा जमिनीपर्यंतच हवा. अर्धवट लटकणारा पडदा म्हणजे आखूड पायजमा.

आणि रिकाम्या भिंतीवर मॉलमधली छापील फुलं लावू नका हो. चित्रकार आबालाल रहिमान ज्या गावात कोटितीर्थ तलावाकाठी राहून निसर्ग रंगवत होते, त्या गावचे आपण. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की चक्कर मारा. तरुण पोरांची अस्सल जलरंगातली चित्रं परवडतील अशी मिळतात. मी ३,५०० ला घेतलेलं घाटाचं चित्र माझ्या हॉलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा, सगळे फार वर टांगतात.

गगनबावडेकर
चपलांचं कपाट विसरू नका. पावसात कोल्हापुरी चपलेला पांढरी बुरशी येते. कपाटाला जाळी पाहिजे. माझे दोन जोड गेले.

शेवंती
सगळ्यांचे खूप आभार. रंधा, एक विचारते. खिडकीखाली भिंतभर, ११ फूट लांब कट्टाच केला तर? आमच्या माहेरी तालमीसमोर कट्टा होता, सगळी गल्ली तिथं बसायची. सोफ्यावर तीन माणसं झाली की चौथं उभं राहतं. कट्ट्यावर सगळे सरकून घेतात. आतून पेटीसारखा पोकळ, गौरी-गणपतीचं सामान ठेवायला.

उचगावकर
वहिनी, कट्टा गल्लीत शोभतो. घरात बसस्टॉप वाटेल.

तिसरी_गल्ली
नको गं. पाठ टेकायला काही नाही, हलवता येत नाही, घर विकताना पैसे शून्य. ३+१+१ घे, ऐक.

आईसाहेब_६२
त्यापेक्षा बैठक काय वाईट?

पंचगंगातीर
प्लायचा कट्टा ओल्या भिंतीला? नका करू. सागाचा दिवाण घ्या.

रंधा
मीही नकोच म्हणेन. पश्चिमेची भिंत आहे. करायचाच असेल तर विटांचा नको, स्लॅबवर उगाच वजन. प्लायची पेटी १४ इंच उंच, खाली ३ इंचांचे पाय त्यातच धरून, वर ४ इंची गादी, झाले १८. मागं भिंतीपासून २ इंच सोडा, पेटीच्या पाठीला भोकं पाडा. बसायची जागा पुढून मागं २२ इंच, लोड ठेवल्यावर १८ उरेल. झाकणं तीन वेगवेगळी करा, ११ फुटी एकच झाकण उचलणार कोण?

माळ्यावरची_पेटी
शेवंती, चार वर्षांचं पोर आहे आणि खिडकीखाली चढायला कट्टा! दुसरा मजला आहे. ग्रिल नसेल तर हा विषय इथंच बंद कर. असेल तर गजांतली फट चार इंचांपेक्षा जास्त नको, आणि ग्रिल धरून जोरात हलवून बघ.

शेवंती
हे बरं झालं सांगितलंत. ग्रिल आहे, पण खालचे दोन गज साडेपाच इंचांवर आहेत. आधी ते करून घेते.

शेवंती (अडीच महिन्यांनी)
सगळ्यांनी नको म्हटलं तरी कट्टाच केला. नाराज होऊ नका, तुमच्याच सल्ल्यांवर उभा आहे.

आधी ग्रिलला मधे गज वेल्ड करून घेतले, मगच सुतार बोलावला. कट्टा आयएस ७१० प्लायचा, समोरच्या पट्ट्या सागाच्या, ६२ हजार. ४० डेन्सिटीच्या गाद्या आणि गडद निळ्या खादीची काढता येणारी कव्हरं, लोडांसकट १९ हजार. दोन वेताच्या खुर्च्या १२. टीव्हीखाली युनिट न करता नुसती लांब फळी आणि दोन खण, १४. तीन पिवळसर दिवे वायरिंगसह ९. पडदे ११, इचलकरंजीचंच कापड. ते कट्ट्याच्या गादीपर्यंतच ठेवलेत. पेटीताई, जमिनीपर्यंत नाही नेले. आरामखुर्चीला पॉलिश, नवीन कॅनव्हास आणि पायांखाली दोन इंचांचे ठोकळे, साडेचार हजार. एकूण १ लाख साडेएकतीस हजार. उरलेल्यातून चित्र घेणार, प्रदर्शनाची वाट बघतेय.

आरामखुर्ची सासूबाईंसाठी उंच करून घेतली, पण त्या तिच्यात बसतच नाहीत. सुताराने कट्ट्याच्या डाव्या टोकाला सागाचा जाड हात बसवून दिलाय. त्या तिथं बसतात, उजवा पाय गादीवर लांब सोडतात, आणि रस्त्यावरून कोण गेलं ते मला स्वयंपाकघरात सांगतात. उठताना तो हात धरतात. महिन्याभरात सागावर त्यांच्या पंजाएवढा भाग गुळगुळीत झालाय. गेल्या रविवारी कट्ट्यावर सात माणसं होती, मी मोजली. पोरं खाली सतरंजीवर. कुणीही कुठं बसू म्हणून विचारलं नाही.

परवा जोराचा वळीव आला, तेव्हा मागं हात घालून बघितलं. भिंत गार होती, पेटी कोरडी. खरी परीक्षा जुलैत.

रंधा
भोकं किती पाडली? आणि झाकणाला साधी बिजागरी की हळू बंद होणारी? पोरांची बोटं सापडतात.

शेवंती
एका खणाला सहा. बिजागरी साधीच आहे.

रंधा
बदलून घ्या. या आठवड्यातच.

उचगावकर
फोटो टाका वहिनी. आणि वर फॉल्स सीलिंग केलं तर अजून खुलेल.