मदत हवी आहे: अनुदानाचा निर्णय लागेना, पाऊस तोंडावर आला

सडेवाली

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. नोकरी पक्की होऊन फार काळ झालेला नाही. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसाठी असलेल्या एका केंद्रीय योजनेत संशोधन प्रकल्पाचा अर्ज केला. योजनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमचा विषय इतका चिमुकला आहे की नाव आणि विषय शेजारी आले की माणूस ओळखू येतो. आता एप्रिल संपत आला आणि पोर्टलवर अर्जापुढे अजून ‘विचाराधीन’च आहे. त्याबद्दल तक्रार नाही. एवढे अर्ज येतात, प्रत्येकाला त्या विषयातले परीक्षक शोधायचे, त्यांनी वाचायचं, मग समितीची बैठक. वेळ लागणारच. माझी अडचण वेगळी आहे.

माझं काम सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवरच्या, डबक्यांवर आहे. रत्नागिरी-राजापूरकडचे कातळसडे ज्यांनी फक्त मे महिन्यात बघितलेत त्यांना तो काळा, तापलेला दगड वाटेल. मृगाचे पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की त्याच कातळातले खळगे भरतात. गेंद, सीतेची आसवं वगैरे फुलं पुढे येतात, फोटो त्यांचेच निघतात. मला हवं असतं ते त्याच्या आधीचं. खळग्याच्या तळाशी बोटभर माती असते, तिच्यात फेअरी श्रिंप नावाच्या जिवाची अंडी उन्हाळाभर कोरडी पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. नखाएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव, पाठीवर उलटा पोहतो. पुढे बेडकांची पिल्लं आणि पाणकिडे वाढले की हे खाल्ले जातात. म्हणजे डबकं भरल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे हाच माझा हंगाम. तो हुकला तर पुढच्या जूनपर्यंत हात बांधून बसायचं.

तर प्रश्न असे. निर्णयाची वाट न बघता या जूनमध्ये पदरचे पैसे घालून काम सुरू करावं का, आणि नंतर अनुदान मंजूर झालं तर तो खर्च त्यात दाखवता येतो का? तिकडच्या अधिकाऱ्यांना ईमेल करून विचारलेलं चालतं, की उगाच डोळ्यांवर येतं? हाच प्रस्ताव दुसरीकडेही पाठवावा का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: एक विद्यार्थिनी आहे, एमएस्सीला माझ्याकडेच होती, नेट झालेली आहे, हाताने फार नेटकं काम करते. प्रकल्प आला तर जेआरएफच्या (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाच्या) जाहिरातीला अर्ज करेन म्हणून थांबली आहे. तिला आता एका खासगी प्रयोगशाळेतून नोकरी आली आहे आणि पंधरवड्यात कळवायचं आहे. तिला काय सांगू? ‘थांब’ म्हणायची जीभ होत नाही आणि ‘जा’ म्हणायचीही होत नाही.

कॉलेजात रोज कोणी ना कोणी ‘मॅडम, काय झालं तुमच्या लाखांचं?’ विचारतं. प्रकल्पासाठी म्हणून रिकामी करून दिलेली खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. हो म्हणा, नाही म्हणा, पण एकदाचं काय ते कळू दे, अशी अवस्था आहे.

तळ्यातमळ्यात

ताई, यातून मी नुकताच गेलो आहे (विषय रसायनशास्त्र, त्यामुळे पाऊस पडो न पडो). ईमेल बिनधास्त करा. एकच करा, अर्ज क्रमांक विषयाच्या ओळीतच घाला, चार ओळींत संपवा, आणि कारण द्या: ‘क्षेत्रकाम जूनमध्ये सुरू होतं, त्या दृष्टीने निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे?’ मला ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच उत्तर आलं होतं, पण आलं. समितीत कोण आहे हे कुठून कळलं तर मात्र त्या माणसाला फोन किंवा मेसेज अजिबात नको, ‘सहज विचारलं’ म्हणूनसुद्धा. त्याला वशिला समजतात आणि अर्ज बाद होऊ शकतो.

दुसरीकडे अर्ज करण्याबद्दल: तोच प्रस्ताव जसाच्या तसा पाठवू नका. बहुतेक अर्जांत ‘हा प्रकल्प अन्यत्र सादर केला आहे का’ असा रकाना असतो आणि खाली सही असते. त्यातला एखादा स्वतंत्र उभा राहील असा तुकडा काढा, उदाहरणार्थ एकाच तालुक्यातलं सर्वेक्षण, आणि पहिल्या अर्जाचा उल्लेख करून पाठवा. यूजीसीचं डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान नव्याने लागलेल्यांसाठी आहे, दोन वर्षांसाठी १० लाख. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. शिवाय तुमच्या विद्यापीठाची लघुसंशोधन योजना. रक्कम किरकोळ असते, पण तुमच्या कामाला जीप, टोपल्या आणि एक मीटर एवढंच तर लागतं!

हिशेबनीस

मॅडम, मी विद्यापीठाच्या वित्त विभागात संशोधन प्रकल्पांचे हिशेब बघत निवृत्त झालो. शास्त्रातलं काही कळत नाही, कागदातलं कळतं.

पहिलं. मंजुरी आदेशात प्रकल्प सुरू होण्याची जी तारीख असते तिच्या आधीचा एक रुपयाही प्रकल्पात धरला जात नाही. पेट्रोलची पावती कितीही खरी असली तरी नाही. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे तो १२-अ नमुना, भरताना लेखापरीक्षक आधी तारखाच बघतो. त्यामुळे जूनमध्ये जे खर्च कराल ते गेलं असं समजूनच करा.

दुसरं, आणि हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलं नाही म्हणून मुद्दाम लिहितो. समजा उद्या सकाळी तुम्हाला ‘हो’ आलं. त्यानंतर काय काय होतं? शिफारस झाल्याचं कळतं, मग कधी अंदाजपत्रकात कपात करून सुधारित तपशील मागतात. तो प्राचार्यांच्या सहीने जातो. मग मंजुरी आदेश. मग प्रकल्पाचं खातं, पीएफएमएसवर (सरकारी निधी वितरणाच्या पोर्टलवर) नोंदणी, त्यात कोणाचा तरी पॅन किंवा संस्थेचं नाव एका अक्षराने वेगळं निघतं. मग पहिला हप्ता. तो आला की जेआरएफची जाहिरात, मुलाखतीची समिती, बाहेरचा तज्ज्ञ, त्याची तारीख. उपकरणांची कोटेशन तुम्ही अर्जाला जोडली होतीत ती एव्हाना मुदतबाह्य झाली असणार, ती नव्याने. मी जेवढे प्रकल्प बघितले त्यात आदेश हातात पडल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत तीन महिने म्हणजे झटपट.

म्हणजे हा जून तुमच्या हातातून गेलेलाच आहे, निर्णय काहीही लागो. ज्याची तुम्ही वाट बघताय तो पुढच्या वर्षीच्या जूनचा निर्णय आहे. या वर्षी सड्यावर जायचं की नाही हा प्रश्न त्यापासून सोडवून घ्या, बराचसा ताण तिथेच उतरेल.

रोखठोक

एवढं कशाला, माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

तळ्यातमळ्यात

@रोखठोक, मुलगी बघून गेल्यावर होकार कळवायला उशीर झाला म्हणून मुलाकडच्यांना वकिलाची नोटीस पाठवायची, त्यातला प्रकार आहे हा. कायद्याने हरकत नाही. निकाल लागल्यावर परीक्षकांचे शेरे मिळाले नाहीत तर जरूर करा. आत्ता उत्तर काय येणार? ‘प्रक्रिया सुरू आहे.’ तेच ईमेलला फुकटात येतं.

एकेकाळचा जेआरएफ

फक्त त्या मुलीबद्दल लिहितो. मी अशाच एका ‘येईल हं, लवकरच येईल’वर थांबलो होतो. सरांचा हेतू वाईट नव्हता. प्रकल्प आलासुद्धा, पण तोवर घरी ‘नुसता बसून आहे’ हे ऐकून घ्यावं लागलं ते मलाच. जेआरएफचे महिना ३७,००० अधिक घरभाडे भत्ता ऐकायला बरे वाटतात, पण ते जाहिरात निघाली तर, मुलाखत झाली तर आणि तिचीच निवड झाली तर. तीन ‘तर’ आहेत यात. शिवाय मुलाखत खुली असते, तिचीच निवड होईल असा शब्द तुम्ही देऊच शकत नाही, देऊही नये.

तिला बोलवा, वर हिशेबनीस काकांनी लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा आणि नोकरी घे म्हणून सांगा. ‘तुझं तू ठरव’ म्हणू नका प्लीज. विद्यार्थ्याला ते ‘थांब’ असंच ऐकू येतं. जाहिरात निघाली की तिला कळवा, वाटलं तर ती नोकरी सोडून अर्ज करेल. मॅडमना वाईट वाटेल म्हणून न थांबण्याची परवानगी तिला तुमच्याकडूनच मिळायला हवी.

बर्फाळ

अमेरिकेतून. इथे नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ‘करिअर’ अनुदानाची मुदत जुलैत असते, पाच वर्षांचं अनुदान आणि तीनदाच अर्ज करता येतो. त्यामुळे इथेही हिवाळाभर लोक देव पाण्यात घालून बसतात. फरक एवढाच की प्रोग्राम ऑफिसर नावाचा माणूस असतो आणि त्याच्याशी आधी-नंतर बोलणं रीतसर मानलं जातं.

तिकडचीही चौकट नवी आहे हे लक्षात घ्या. २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं आणि जुनं एसईआरबी (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झालं. पूर्वीची स्टार्ट-अप ग्रँट दोन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत होती, तिच्या जागी आलेली पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे. त्यामुळे जुन्या लोकांचे ‘आमच्या वेळी इतक्या महिन्यांत यायचं’ हे आडाखे लावत बसू नका. सडेवालीताई, तुम्ही कुठे अर्ज केलाय ते मी विचारत नाहीये, हे सगळ्यांसाठीच.

गोगलगाय

डबकी हा माझाही विषय होता, आता शाळेत शिकवते. सडेवाली, पाऊस पडायच्या आधीच काम का नाही सुरू करत? मेमध्ये कोरड्या खळग्यांतली माती गोळा करा. खळग्याचा सगळ्यात खोलगट भाग बघायचा, वरचा दोन-तीन सेंटिमीटरचाच थर, पळीने खरवडून. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल धरते. कागदी पाकिटं किंवा जुन्या सुती कापडाच्या थैल्या. प्रत्येकीवर खळग्याचा क्रमांक, जागेची नोंद आणि खळग्याची लांबी-रुंदी-खोली.

मग उथळ ट्रेमध्ये माती पसरून भिजवा. पाणी नळाचं किंवा बोअरचं अजिबात नको, सड्यावरचं पाणी म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी, त्यात क्षार नसल्यात जमा. डिस्टिल्ड वापरा. ट्रे उजेडात ठेवा आणि पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ भिंगाने बघा, ठिपक्यांसारखी पिल्लं झटके देत हलताना दिसतात. सगळी माती एकदम भिजवू नका. पहिल्या पाण्याला सगळी अंडी फुटत नाहीत, काही मागे राहतात. तोच ट्रे पुन्हा पूर्ण वाळवून दुसऱ्यांदा भिजवला की त्यांचाही अंदाज येतो. याला ना जीप लागते ना मंजुरी. जमीनमालकाची परवानगी मात्र लागते, आणि तिकडे एकेका सातबाऱ्यावर किती नावं असतात ते तुम्हाला माहीत आहेच.

सडेवाली

सगळ्यांचे आभार.

हिशेबनीस काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून प्राचार्यांना दाखवला. ते आधी हसले, मग म्हणाले की कॉलेजच्या संशोधन निधीत थोडे पैसे पडून आहेत, साधा अर्ज द्या. त्यातून पीएच आणि क्षारता मोजायचं हातातलं मीटर होईल. ईमेल पाठवला. चार ओळींचाच. उत्तर आलं: प्रक्रिया सुरू आहे. (हसू नका.)

मुलीशी बोलले. एकेकाळचा जेआरएफ, तुम्ही सांगितलंत तसं, ‘तुझं तू ठरव’ न म्हणता. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की घरी होकार आधीच सांगून झालाय, फक्त मला कसं सांगावं ते कळत नव्हतं. म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत बसलो होतो.

गोगलगाय, माती भिजवून बघण्याचा भाग मी प्रस्तावात दुसऱ्या वर्षाला ठेवला होता. तो आता पहिला करते. पावसात या वर्षी घराजवळचा एकच सडा, कॉलेज सुटल्यावर स्कूटरने होईल तेवढाच. एक शंका आहे. माझ्याकडे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या खळग्यांतली थोडी माती खोक्यात ठेवलेली आहे. ती आणि आता मेमध्ये आणलेली, दोन्ही शेजारी भिजवून तुलना केली तर चालेल का? की घरात राहिलेल्या मातीला सड्यावरचं ऊन मिळालेलं नाही म्हणून ती बादच धरायची?

गोगलगाय

बाद कशाला, तुलना जरूर करा. दोन्ही मातीत वेगवेगळं काही निघालं तर तेच बघण्यासारखं असेल. फक्त दोन्ही एकाच खळग्यातल्या हव्यात, नाहीतर फरक उन्हाचा की खळग्याचा ते सांगता येणार नाही. तेवढ्या जुन्या नोंदी आहेत ना?

सडेवाली

आहेत, चार खळग्यांच्या. येत्या रविवारी त्याच चार ठिकाणी जाते. बाकी, राजापूर-देवाचे गोठणे भागात कोणाची सड्यावर जमीन असेल आणि डबाभर माती नेऊ द्यायला हरकत नसेल तर कृपया निरोप करा. खळगे उकरणार नाही, वरचीच माती घेणार, आणि काय निघालं ते मालकांना येऊन दाखवेन.