देवळातल्या नाटकाचं थेट प्रक्षेपण: कॅमेऱ्याचा ऑटो मोड कोडनेच बंद करावा का?

कुशावतीकाठचा
उत्सवात गावकऱ्यांनी बसवलेलं मराठी नाटक आता गोव्यातल्या बऱ्याच देवळांतून यूट्यूबवर थेट दिसतं. मुंबईचे कुळावी (ज्यांचं कुलदैवत त्या देवळात आहे अशी माणसं), आखातात कामाला गेलेली मुलं, रात्री घराबाहेर पडू न शकणारी म्हातारी माणसं त्याची वाट पाहत असतात. सामान साधंच असतं: यूएसबी वेबकॅम, लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातून कॅमेरा चालवणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी.

माझं ठाम मत: पडदा उघडण्याआधी ऑटो एक्स्पोजर (कॅमेरा स्वतःच उजेड ठरवतो ते) आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (स्वतःच रंग जुळवतो ते) कोडमधून बंद करावेत आणि आकडे आपण ठरवावेत.

ऑटो एक्स्पोजर ढोबळमानाने चौकटीतल्या उजेडाची सरासरी बघतं. मागे काळा पडदा आणि स्पॉटमध्ये एकटी नायिका असली की त्याला सगळं अंधारलेलं वाटतं, ते उजेड वाढवतं आणि नायिकेचा चेहरा पांढराफटक होतो. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला २५५ हा शेवटचा आकडा. गाल, कपाळ, नाक सगळं २५५ ला टेकलं की त्यांच्यातला फरकच पुसला जातो. मग कोडमध्ये कॉन्ट्रास्ट कितीही कमी करा, पांढऱ्याचा राखाडी होईल, चेहरा परत येणार नाही.

म्हणून ब्राइटनेसचा आकडा कमी करून भागत नाही. तो साधारणपणे सेन्सरने टिपून झालेल्या चित्रावर चालतो. एक्स्पोजर मात्र आत किती उजेड जमू द्यायचा तेच ठरवतं. क्रमही पाळावा लागतो: आधी ऑटो बंद, मग एक्स्पोजरचा आकडा. ऑटो चालू असताना दिलेला आकडा कॅमेरा एकतर नाकारतो किंवा सोडून देतो.

केप्याचा कार्यकर्ता
बाब, तुमचं म्हणणं तुम्ही स्वतः लॅपटॉपपाशी बसता तोवर खरं. आमच्याकडे तिथे बारावीतला पोर असतो आणि मध्येच त्याला प्रसादाच्या पंगतीत वाढायला बोलावतात. संध्याकाळच्या उजेडात पालखी, मग आरती, मग भाषणं, रात्री नाटक, आणि कॅमेरा तोच. सहा वाजता बसवलेला आकडा आठ वाजता काळा पडदा दाखवतो. ऑटोमध्ये चेहरा कधी जळेल, हे मान्य. मॅन्युअलमध्ये माणूस उठून गेला की अख्खा कार्यक्रमच जातो. जिथे सगळं हौशी माणसांवर चालतं, तिथे कमी नुकसान करणारी चूक निवडावी.

दिव्यांमागची
मी फोंडा तालुक्यातल्या नाटकांची प्रकाशयोजना करते, म्हणून राहवत नाही. प्रवेश संपतो, ब्लॅकआउट होतो. तो काळोख मी मुद्दाम केलेला असतो. ऑटो कॅमेरा त्या काळोखात गेन (टिपलेला उजेड फुगवून दाखवणं) वाढवत नेतो, पडद्यावर रंगीत मुंग्या दिसतात आणि पुढच्या प्रवेशाचे दिवे आले की क्षणभर सगळं पांढरं. नटाची एंट्री नेमकी त्याच क्षणी असते! सभागृहातल्या माणसाने जे पाहिलं ते घरी बसलेल्याला दिसत नाही, आणि वर लोक म्हणतात यंदा लायटिंग वाईट होतं.

रंगांचंही तेच. हॅलोजन दिव्याचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, पिवळसर. संध्याकाळच्या प्रवेशासाठी मी तो पिवळेपणा जपते आणि ऑटो व्हाइट बॅलन्स तो धुऊन काढतो. जांबावलीच्या देवळातल्या गुलालाच्या उत्सवात हे कुणालाही तपासता येईल. सगळी चौकट गुलाबी झाली की कॅमेरा ते दोष समजतो आणि उलट्या बाजूला, हिरव्याकडे ओढतो. गुलाल फिका, माणसं आजारी.

मस्कतकर कुळावी
मी फक्त बघणारा. मला प्रकाशयोजनेतलं कळत नाही. माझा पुतण्या नाटकात उभा असतो, त्याचा चेहरा ओळखू यावा आणि पद नीट ऐकू यावं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावाच्या प्रक्षेपणात अर्धा अंक काळोखात गेला, आवाज तेवढा येत होता. ते पाहिल्यापासून मी ऑटोच्या बाजूने.

पायथनवाली डिचोली
तत्त्व मान्य, पण कोडवर एवढा विश्वास मला नाही. ओपनसीव्हीचं सेट फंक्शन ‘ट्रू’ परत करतं म्हणजे कॅमेऱ्याने आकडा घेतला असं नाही, त्यांच्याच दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे. त्यातून प्रत्येक बॅकएंडची (ओपनसीव्ही ज्यातून कॅमेऱ्याशी बोलतं त्या सोयीची) भाषा वेगळी. लिनक्सवर व्ही-फोर-एल-टूमध्ये ऑटो एक्स्पोजरला १ म्हणजे मॅन्युअल आणि ३ म्हणजे ऑटोचा एक प्रकार. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत त्याच कामाला ०.२५ आणि ०.७५ सापडतात. विंडोजवर डायरेक्टशोमध्ये एक्स्पोजर उणे आकड्यांत: -५ म्हणजे १/३२ सेकंद, -६ म्हणजे १/६४.

खरी अडचण पुढे आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत नसलं की चित्रावर आडवे पट्टे सरकतात. डायरेक्टशोच्या पायऱ्या दोनाच्या घातांच्या: ७.८, १५.६, ३१.२५ मिलिसेकंद. १० किंवा २० तिथे मिळतच नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांतली पट्टे टाळणारी सोय ऑटो एक्स्पोजरलाच जोडलेली असते, ऑटो बंद केलं की तीही गेली. म्हणजे विंडोजच्या लॅपटॉपवर मॅन्युअलचा हट्ट धरून चेहरा वाचवायचा आणि त्याच्यावर पट्टे ओढायचे. मी त्यापेक्षा ऑटो ठेवून, वीज ५० हर्ट्झ एवढीच सेटिंग पक्की करीन. बरेच वेबकॅम ६० वर सेट होऊन येतात आणि ते कुणी बघतच नाही.

कुशावतीकाठचा
डायरेक्टशोबद्दल तुमचं बरोबर आहे, ताई, आणि त्याचसाठी मी प्रक्षेपण लिनक्सवरून करावं म्हणतो. तिथे एक्स्पोजरचं एकक १०० मायक्रोसेकंदांचं. २०० लिहिलं की सरळ २० मिलिसेकंद, विजेशी जुळलेले. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करता येतं, लॅपटॉपातलं काही पुसावं लागत नाही.

आकडा घेतला की नाही हे परत वाचून तपासायचं, आणि जुळला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबून मोठ्या अक्षरांत सांगायचं. कॅमेऱ्याची किमान, कमाल आणि मूळ किंमतही आधी विचारून घ्यायची. एका कॅमेऱ्याचा ब्राइटनेस ० ते २५५ असतो, दुसऱ्याचा -६४ ते ६४, त्यामुळे उतरवून घेतलेले आकडे चालत नाहीत. केबल निघून पुन्हा लागली की बहुधा सगळं मूळपदावर जातं, म्हणून कॅमेरा उघडताना दर वेळी सगळं नव्याने लावायचं.

ऑटोबद्दल एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. काळोखात ते एक्स्पोजर लांबवतं आणि पुष्कळ वेबकॅम त्यासाठी सेकंदाला ३० चौकटींवरून १५ वर येतात. गाणाऱ्याचे ओठ आणि पद यांचा मेळ त्यामुळेही सुटू शकतो. वर गेनच्या मुंग्या प्रत्येक चौकटीत बदलतात, त्या दाबून पाठवताना डेटा जातो, आणि खेड्यातल्या नेटवर चेहऱ्याच्या वाट्याला उरतं ते धूसर. मस्कतकर बाब, तुमच्या पुतण्याचा चेहरा ओळखू यावा म्हणूनच मी हे मागतोय.

केप्याचा कार्यकर्ता
लिनक्सचा पेन ड्राइव्ह आणि तपासणारी स्क्रिप्ट कुणी करून दिली तर आमचा पोर ती चालवील. पण तो पंगतीत गेला आणि उजेड बदलला, तर? त्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

पायथनवाली डिचोली
त्यासाठी स्वतःचं हळू ऑटो लिहिता येईल. रंगमंचाच्या मधल्या भागाचीच उजळता मोजायची, ती बदलून वीसेक सेकंद तशीच राहिली तरच एक्स्पोजरचा आकडा हलवायचा, तोही १०० वरून २००, २०० वरून ३०० असा. भाग जवळजवळ पूर्ण काळा झाला तर ब्लॅकआउट समजून काहीच करायचं नाही.

दिव्यांमागची
वीस सेकंद चालतील, माझा ब्लॅकआउट त्याहून लांब क्वचितच असतो. पण मंद केलेले एलईडी पार लाइट (रंगमंचावरचे दिवे) विजेच्या लयीत लुकलुकत नाहीत, त्यांची लय डिमर ठरवतो. तिथे १० मिलिसेकंदांचं गणित लागू होईलच असं नाही. त्याचे पट्टे दिवे लावून डोळ्यांनीच बघावे लागतील. रंगीत तालमीच्या रात्री महाजनांनी (देवळाच्या कारभाऱ्यांनी) कॅमेरा लावू दिला तर मी प्रत्येक प्रवेशाचे दिवे थोडा वेळ धरून ठेवीन, तुम्ही आकडे लिहून घ्या.

केप्याचा कार्यकर्ता
तालमीला कॅमेरा लावू, परवानगी मी विचारतो. पालखी आणि आरतीला मात्र आमच्याकडे ऑटोच राहील.