माथेरान: लाल मातीची वाट की पेव्हर ब्लॉक?

रानवाट:
बाहेरच्या गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक नकोतच. इंग्रजी अमदानीतले बंगले, त्यांच्याभोवतीची झाडी आणि लाल वाट, लोक इथे येतात ते एवढ्यासाठी. शिवाय घोड्याची लोखंडी नाल ओल्या ब्लॉकवर सटकते. मातीत टाप रुतते, म्हणून उतारावर घोडा सावरतो.

चढउतार:
माती 'राहू द्या' म्हणता, पण ती राहते कुठे? जूनपासून पाऊस रस्त्याचाच ओहोळ करतो. आधी बारीक माती जाते, मग दगड उघडे पडतात, शेवटी झाडांची मुळं. त्या चरात ई-रिक्षाचं बारकं चाक अडकतं. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मग आजारी माणसाला खाली न्यायचं कसं, घोड्यावर बसवून?

रानवाट:
त्याच निकालात ब्लॉकला मुभा आहे ती दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत. आतल्या रस्त्यांवर नाही, आणि खाली काँक्रीटही नाही. हे अर्धवट सांगू नका.

मोरीवाला:
भांडण ब्लॉकचं नाही, पाण्याचं आहे. डोंगराच्या अंगाला गटार हवं आणि ते मे संपायच्या आत उपसायला हवं. पाचोळ्याने तुंबलं की पाणी रस्त्यावर आलंच. मातीच्या चढावर थोड्या थोड्या अंतराने जांभ्याचे तिरपे आडबांध घाला, म्हणजे पाण्याला वेग येण्याआधीच ते कडेला वळतं. ब्लॉक घालायचे तर मुरूम पाणी मारून नीट दाबा, वर तीन-चार सेंटिमीटर वाळू, सांध्यांतही बारीक वाळू, आणि दोन्ही कडांना घट्ट बसवलेले दगड. ठेकेदार नेमके हे कडेचे दगड गाळतो. मग ब्लॉक फाकतात, सांध्यातून पाणी शिरतं, खालची वाळू निसटते आणि रस्ता खचतो. काँक्रीटचा मोह तिथूनच सुरू होतो.

चढउतार:
आडबांधावरून ई-रिक्षा उडणार त्याचं काय?

मोरीवाला:
बांध बोटभरच वर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी उतरता करा. उंच बांधाला चाक आपटतं, आणि चालक बाजूने नवी वाट पाडतो. ती पुढच्या पावसात चर होते.

रानवाट:
पटलं, पण फक्त मुख्य रस्त्यापुरतं. पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर ब्लॉक दिसला तर माझा विरोध कायम. आणि चाकाची बॅग घेऊन येणाऱ्यांनी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानची शटल रेल्वे पकडावी. नेरळहून येणारी छोटी रेल्वे पावसाळ्यात बंद असते, शटल चालू असते. चाकांसाठी डोंगर सपाट करायला सांगू नये.