'चांगलंच झालं पाहिजे' हा ताण कसा सैल झाला? विदर्भातल्या गावांतले अनुभव

लिहिणारे, गाणारे, नाटकात उभे राहणारे, लाकूड कोरणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. हात चांगला असूनही कित्येकांचं काम घरातच राहतं, कारण 'लोक काय म्हणतील' आणि 'अजून नीट जमलं नाही'. हे मला फार लागतं. ज्यांचा ताण थोडा तरी सैल झाला, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. उपदेश नको, केलेलं सांगा.

वडसा भाग (गडचिरोली जिल्हा), झाडीपट्टी नाटकात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकात काम करतो
दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू होतो. शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडई (गावची जत्रा) असली की गावात रात्री नाटक लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तालमीला फारसा वेळ नसतो, सगळी मदार प्रॉम्प्टरवर. तो स्टेजसमोर बसून वाक्यं पुरवतो. मी नवा होतो तेव्हा एका जुन्या कलावंतानं सांगितलं, "पाठ करत बसू नको, ऐक." पहिले दोन-तीन शब्द कानावर पडले की उरलेलं वाक्य आपसूक तोंडातून निघतं आणि डोळे समोरच्यासाठी मोकळे राहतात. समोरची नटी रडली की माझाही आवाज भरून येतो, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. पण कानानं खेळायची ही रीत बाहेरच्यांना अजून कच्ची वाटते. माझ्या मते नटाला मोकळं करणारी याहून चांगली रीत नाही.

अमरावती जिल्हा, महिला भजन मंडळ
एकटीला गायला सांगितलं की अजूनही गळा दाटतो. हातात खंजिरी असली की मात्र दाटत नाही. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवरच म्हणायची, ही आमच्याकडची रीत. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, ते शेगडीवर शेकावं लागतं. तेवढ्यात बाया बोलत बसतात, कोणीतरी ओळ गुणगुणतं आणि भजन कधी लागलं ते कळतही नाही. "चला, करा सुरू" असं कोणी म्हणत नाही, तेच मला सोयीचं.

अकोला जिल्हा
मी वऱ्हाडीत कविता लिहितो. वही घेऊन बसलो का हात थांबे. मंग वहीच सोडली. आता रानडुकराची जागल कराले वावरात गेलो का मोबाईलात बोलून ठेवतो. अंधारात कोनी आयकत नाई, खोडता बी येत नाई. सकायी एखांदी ओळ कामाची निंगते.

वर्धा जिल्हा, सुतारकाम
तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचे लाकडी बैल करतो. पूर्वी एकाच बैलाच्या वशिंडावर दिवस जायचा. आता पाच-सहा एकदम मांडतो. आधी सगळ्यांचे पाय, मग वशिंडं, कान शेवटी. एकाच्याच कानाकडे बघत बसायला सवड राहत नाही. लेकरू दोरी धरून पळतं, कान कोण बघतं?

यवतमाळ जिल्हा
मी गावाकडच्या गोष्टींचे व्हिडिओ करते. पुढच्या कॅमेऱ्यात आपलंच तोंड दिसतं आणि बोलणं अडतं. म्हणून मागचा कॅमेरा लावते, आजीला समोर बसवते आणि गोष्ट तिलाच सांगते. ती मधेच "मंग?" म्हणते, तेही ठेवते. पण पारावर, लोकांसमोर अजून जमत नाही. नाटकवाले दादा काही सांगतील का?

वडसा भाग
ताई, आजीला पारावर पहिल्या रांगेत बसवा आणि तिलाच सांगा. स्वगत असलं की मीसुद्धा पहिल्या रांगेतलं एखादं म्हातारं माणूस हेरतो आणि त्याच्याशीच बोलतो.